रोसांदाची एक अट बाकी

डाव्या विंगेत, पडद्याच्या दोऱ्यांजवळ, ती बुटकी खुर्ची अजून आहे. तिच्यावर आता कुणी बसत नाही. नव्या नटांच्या कानात बारीकसं यंत्र असतं, विसरलेलं वाक्य त्यातून येतं. पण प्रयोगाआधी जुनी माणसं जाता जाता खुर्चीच्या पाठीला हात लावून जातात.

ती रोसांदाची खुर्ची. रोसांदा आमच्या नाट्यगृहाची प्रॉम्प्टर होती. मांडीवर संहिता, नाकावर चष्मा, खांद्यावर राखाडी शाल, अशी ती त्या खुर्चीत पस्तीसेक वर्षं बसली. नट अडखळला की ओठ हलवायची, पुढचा शब्द अलगद त्याच्या तोंडात ठेवायची आणि पुन्हा गप्प. तिचा आवाज रंगमंचाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसापर्यंत बरोब्बर जायचा आणि पहिल्या रांगेच्या कानावर पडायच्या आत विरायचा. असा आवाज अख्ख्या बेलग्रेडात दुसरा नाही, असं चिका वेलिमिर सांगायचे. आणि चिका वेलिमिर, म्हणजे वेलिमिरकाका, आमचे सगळ्यांत ज्येष्ठ नट, स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाचं कौतुक सहसा करत नसत.

गंमत अशी की हजारो वाक्यं तोंडपाठ असलेली ही बाई स्वतः कधी मोठ्यानं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत पापुद्र्यांचं खारं बुरेक मागतानासुद्धा कुजबुजायची. काउंटरवरची मुलगी तिला तेता, म्हणजे मावशी, म्हणायची, पण वैतागायची.

"मोठ्यानं बोला ना, तेता रोसा! इथं काय कट शिजतोय?"

"चीजचा," रोसांदा तितक्याच हळू म्हणायची. "एक तुकडा."

दर सप्टेंबरात नवा हंगाम उघडला, की पहिल्या तालमीला चिका वेलिमिर ठरलेला विनोद करायचे. रंगमंचावरून विंगेकडं वाकून, हात पसरून.

"काय मग, भाषाशास्त्रज्ञ! झाली का पदवी?"

"एकच अट बाकी आहे."

"एकच ना? मग घाई कसली!"

सगळे हसायचे. रोसांदाही हसायची. ती एक अट कोणती, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. विनोदाचा तो भागच नव्हता.

मग एका सप्टेंबरात, गल्लीगल्लीत मिरच्या भाजल्याचा वास दाटलेला असताना, स्पोमेन्का आली.

स्पोमेन्का म्हणजे रोसांदाची कॉलेजातली जिवलग मैत्रीण. दोघींनी एकाच वर्षी भाषाशास्त्राला प्रवेश घेतला. एक प्राध्यापक झाली, दुसरी विंगेत बसली. प्राध्यापकबाई त्या दिवशी भर तालमीत, उंच टाचा वाजवत थेट विंगेत घुसल्या.

"रोसा, नोटीस वाचलीस?"

"हळू. तालीम चाललीय."

"चालू दे. जुना अभ्यासक्रम बंद होतोय. महिनाअखेरपर्यंत ज्यांचं पुरं होणार नाही त्यांचं सगळं रद्द. सगळं म्हणजे सगळं! ध्वनिशास्त्र, जुनी स्लाव्हिक, लॅटिन, संस्कृत, तुझ्या त्या बंदुकीच्या परीक्षेसकट. चार वर्षांचं सगळं पाण्यात."

"दरवर्षी मुदत वाढवतात."

"यंदा नाही. आणि वाढवली तरी मी नसेन. महिनाअखेर मी निवृत्त होतेय. मग समितीपुढं तुला कोण उभं करणार? हे?" तिनं रंगमंचाकडं बोट दाखवलं.

"का? मी काय वाईट आहे?" चिका वेलिमिर राजाच्या वेशातून म्हणाले.

"तुम्ही तुमचं राज्य सांभाळा!"

रोसांदानं संहितेचं पान उलटलं. उगाच, कारण त्या पानावरचं अजून कुणी बोललंच नव्हतं. स्पोमेन्कानं ते बरोबर हेरलं.

"प्रबंध लिहून झालाय. टाईप झालाय. कपाटात पडलाय. वीस मिनिटं चारचौघांत उभं राहून बोलायचं, बस. पदवीला तुझी एवढी एकच अट बाकी आहे, रोसा. पस्तीस वर्षं कसली वाट बघतेयस?"

रोसांदानं चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला. पण त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा एका नटाला चुकीचं वाक्य दिलं.

*

त्या चार वर्षांचा हिशेब रोसांदाच्या मनात आकड्यांचा नव्हता, वासांचा होता. दोर्चोलमधलं त्यांचं स्वयंपाकघर, दान्यूबकडून येणारी दमट हवा, आणि विस्तवावर उतू जाऊ पाहणारी कॉफीची जेझ्वा. तिची आई दारिंका शिवणकाम करायची. शिवणाच्या टेबलाची अर्धी बाजू तिनं मुलींना अभ्यासाला दिलेली. स्पोमेन्का उझित्सेहून आलेली, वसतिगृहातल्या घेवड्याच्या रश्शाला कंटाळलेली. ती इथंच पडून असायची.

दोघी टाळूला जीभ लावून नाना आवाज काढत बसायच्या. ध्वनिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ते काढून दाखवावे लागत. दारिंका दातांत टाचण्या धरून बघत राहायची.

"दोघींना पडसं झालंय का?"

"आई, हे घशातलं व्यंजन आहे."

"घशातलं असेल तर आलं घालून चहा पी."

तुलनात्मक भाषाशास्त्रासाठी एक दूरची प्राचीन भाषा लागे, ती त्यांनी संस्कृत घेतली. शिकवणारे म्हातारे प्राध्यापक डोळे मिटून, डोलत डोलत विभक्ती म्हणायचे. रोसांदा भांडी विसळताना पुटपुटायची, रामः, रामौ, रामाः. दारिंकानं दोनतीन दिवस ऐकून घेतलं. मग कॅलेंडर काढून बसली.

"हा राम कुठला संत? आपल्या पंचांगात सापडत नाही."

"संत नाही गं आई. विभक्ती आहे."

"असेना का. दिवसभर नाव घेतेस, पावेल बापडा."

आणि पावला. त्या परीक्षेत रोसांदाला दहापैकी दहा पडले. त्या संध्याकाळी दारिंकानं घरातल्या संताच्या तसबिरीपुढं दोन मेणबत्त्या लावल्या. एक नेहमीची आणि एक, तिच्या शब्दांत, "त्या परगावच्याची."

पदवीच्या अटींत तेव्हा काय काय असे! जनसंरक्षण नावाचा एक विषय प्रत्येकाच्या माथी होता. भाषाशास्त्र शिका नाहीतर दंतवैद्यक, बंदूक खोलून जोडता आलीच पाहिजे. रोसांदानं बंदूक छान जोडली. मग मेजरसाहेबांनी पलटणीला हुकूम द्यायला सांगितला. रोसांदानं छाती भरून श्वास घेतला आणि कुजबुजली, "सावधान."

मेजर पुढं वाकले. "काय?"

"सावधान," रोसांदा आणखी हळू म्हणाली.

मागं बसलेल्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मेजरनी मिशीवर ताव दिला. "शत्रूला पत्ता लागणार नाही. हेही एक शास्त्र आहे. सात गुण! पुढची."

प्रत्येक परीक्षेच्या सकाळी एक गोष्ट ठरलेली असे. रोसांदा दार उघडून पायऱ्या उतरायला लागली, की मागून दारिंका निळ्या एनॅमलचं भांडं घेऊन यायची आणि तिच्या पाठोपाठ पायरीवर पाणी ओतायची. छपाक!

"पाण्यासारखं सुरळीत होऊ दे! मागं बघू नकोस!"

आमच्याकडं परीक्षेला निघालेल्या माणसामागं पाणी टाकतातच, त्यात विशेष काही नाही. पण दारिंकाचं पाणी सढळ असायचं. एकदा खालून चाललेल्या पोस्टमनच्या डोक्यावर पडलं. तो भडकला, तर दारिंका वरून म्हणाली, "अहो, आज तुमचंही काम झटपट होईल बघा!" स्पोमेन्कालाही पाणी मिळायचं. ती मुद्दाम आदल्या रात्री मुक्कामाला यायची, पाणी चुकू नये म्हणून.

परीक्षेची खोली म्हणजे एक लांब टेबल. त्यावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. हात घालायचा, एक उचलायची, नशिबात असेल ते उत्तर द्यायचं. रोसांदा तेव्हाही हळूच बोलायची, पण टेबलापलीकडचे प्राध्यापक हातभरावर असत. त्यांना ऐकू जायचं. आणि बाहेर आल्यावर दोघी कालेमेग्दान किल्ल्याच्या तटावर बसून भोपळ्याच्या बिया सोलायच्या, खाली सावा आणि दान्यूब एकमेकींत मिसळताना बघायच्या. पुढं काय काय करायचं त्याच्या याद्या तिथंच झाल्या. स्पोमेन्काच्या यादीतलं बरंचसं झालं.

शेवटी राहिला प्रबंध. तोवर रोसांदा या नाट्यगृहात एका हंगामापुरती बदली म्हणून लागली होती. विंगेत बसून तिनं विषय काढला, बोलताना माणसं थांबतात त्या थांब्यांचा. माणूस शब्द विसरून थांबतो, आणि शब्द हातात असूनही थांबतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मग ओळखायचं कसं? प्रॉम्प्टरचं सगळं पोट या ओळखण्यावर. उगाच शब्द पुरवला तर नट चिडतो, नाही पुरवला तर बुडतो.

प्रबंध झाला, तारीख ठरली. त्याच वसंतात दारिंका गेली. आठवडाभराच्या आजारात, शिवणाच्या टेबलावर एक अर्धा कोट तसाच टाकून.

आणि ठरलेल्या सकाळी रोसांदा समितीपुढं पोहोचलीच नाही.

*

"ऐकू येत नाही!" स्पोमेन्का शेवटच्या रांगेतून ओरडली.

तालमी नसलेली दुपार होती. रिकाम्या नाट्यगृहात रोसांदा रंगमंचाच्या मधोमध उभी. इतक्या वर्षांत ती या जागी प्रकाशात कधी उभी राहिली नव्हती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

"सन्माननीय समिती..." ती म्हणाली.

"काय? कसली माती?"

"समिती!"

"आता निदान अर्धं आलं. परत!"

दहा दिवस हे चाललं. कपाटातला प्रबंध बाहेर निघाला, रोसांदानं त्यात बरंच खोडलं, बरंच नव्यानं लिहिलं. दुपारी स्पोमेन्का मागून ओरडायची आणि रोसांदा पुढून पुटपुटायची. हळूहळू नटमंडळींना सुगावा लागला. चिका वेलिमिर वरच्या सज्जात येऊन बसायला लागले. तरुण नटी यागोदा पहिल्या रांगेत पाय वर घेऊन सफरचंद खात ऐकायची. दिव्यांवाला तर हौसेनं रोसांदावर झोत टाकायचा, ती डोळे मिचकावायची, तो विझवायचा.

"श्वासाचा भाग फार छान आहे, बरं का," चिका वेलिमिर वरून म्हणाले. "विसरलेला माणूस श्वास सोडून थांबतो. अगदी खरं! मी तसाच थांबतो."

"ते जुन्या प्रतीतलं," रोसांदा म्हणाली. पण ते सज्जापर्यंत पोहोचलं नाही.

दहाव्या दिवशी आवाज कसाबसा मधल्या रांगेपर्यंत आला. दोघी नाट्यगृहाच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसल्या. समोरच्या अंगणात कुणीतरी पत्र्याच्या चुलीवर लाल मिरच्या भाजत होतं. आयवारची, हिवाळ्यासाठी भरून ठेवायच्या मिरचीच्या चटणीची, तयारी.

"होईल," स्पोमेन्का म्हणाली. "उद्या दहा वाजता. खोली तीच, आपली जुनी."

"मी येणार नाही, स्पोमे."

स्पोमेन्का थंडपणे तिच्याकडं बघत राहिली. "हे तू तेव्हाही मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी त्या व्हरांड्यात फुलं घेऊन उभी होते. समिती उठून गेली, शिपायानं खोलीला कुलूप लावलं, मी उभीच. वाटलं, तू ट्रामखाली बिमखाली आलीस की काय. घरी गेले तर तू बटाटे सोलत होतीस! आवाजाला घाबरलीस, असं म्हणून मी सोडून दिलं. पण दोन वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नव्हते, आठवतंय?"

"आवाजाला नव्हते घाबरले."

"मग?"

रोसांदानं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"निघाले होते मी. नवा ब्लाऊज घातला होता. कोपऱ्यापर्यंत गेले. आणि मागं बघितलं. आई नेहमी सांगायची बघू नकोस, तर मी बघितलं." ती थांबली. "पायरी कोरडी होती."

चुलीवरची एक मिरची फट्दिशी फुटली.

"एवढंच?" स्पोमेन्का म्हणाली. पण तिचा आवाज प्राध्यापकाचा राहिला नव्हता.

"एवढंच. एवढा वीतभर दगड. त्याच्यावरून मला पुढं जाववेना. मग वाटलं, पुढच्या मुदतीत जाऊ. मग पुढच्या. पदवी झाली की ते सगळं संपणार होतं, स्पोमे. ते टेबल, त्या चिठ्ठ्या, मागून येणारं पाणी. एक अट बाकी होती तोवर मी तिथली होते. आईनं परीक्षेला धाडलेली मुलगी होते."

स्पोमेन्कानं पिशवीतून रुमाल काढला, नाक शिंकरलं. "गाढव आहेस," ती म्हणाली. "मला सांगायचंस. मी ओतलं असतं."

"तू फुलं घेऊन तिकडं होतीस ना."

दोघी रडता रडता हसायला लागल्या. त्यांच्या पाठीमागं दार किलकिलं होतं आणि दाराआड चिका वेलिमिर उभे होते, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रोसांदा घरातून निघाली खरी, पण विद्यापीठात जायचं की नाही हे तिचं ठरलेलं नव्हतं. पाय सवयीनं नाट्यगृहाकडं वळले. चष्मा विंगेत राहिलाय, असं तिनं स्वतःला सांगितलं. चष्मा पर्समध्ये होता.

मागच्या दारातून आत गेली, खुर्चीपाशी जरा उभी राहिली. रंगमंच ओळखीच्या अंधारात होता. इथंच बसावं, असं तिला फार वाटलं. तेवढ्यात यागोदा धावत आली.

"तेता रोसा! तुम्ही इथं काय करताय? निघा निघा! आणि पुढच्या दारानं जायचं, कलाकारांसारखं!"

तिनं दंडाला धरून रोसांदाला पुढच्या दारातून जवळजवळ ढकललंच. रोसांदा एक पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि मागून आवाज आला.

छपाक! छप! छपाक!

"पाण्यासारखं सुरळीत होऊ दे!"

"मागं बघू नका हं!"

रोसांदानं मागं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, पाणी तिच्या पायांवरून पुढं वाहत होतं. यागोदानं राजाराणीच्या नाटकातल्या सोनेरी चषकातून पाणी टाकलं होतं, दिव्यांवाल्यानं किटलीतून. आणि चिका वेलिमिरनी आग विझवायची लाल बादली उचलून, सत्तरीत, शिवाय कंबर धरलेली असताना, अख्खी रिकामी केली होती. रोसांदाचे मोजे पिंढरीपर्यंत भिजले. समोरच्या थांब्यावरची माणसं बघत राहिली.

"चिका वेलिमिर!" ती पाठ न वळवता कुजबुजली. "पूर आणलात."

"पस्तीस वर्षांची थकबाकी आहे!" मागून गर्जना आली. "चला रे सगळे, ट्राम आली!"

"सगळे कुठं?"

"कुठं म्हणजे? खुला कार्यक्रम आहे ना तो? पहिला प्रयोग आम्ही चुकवतो होय!"

*

खोली तीच होती. टेबलही तेच, एक पाय आखूड असलेलं. समितीत तिघं. मधे अध्यक्ष म्हणून प्राध्यापक ओग्न्येन, स्पोमेन्काचाच एकेकाळचा विद्यार्थी, काटेकोर, गुळगुळीत दाढी केलेला. एका बाजूला स्पोमेन्का, दुसऱ्या बाजूला झोपाळू डोळ्यांचे एक वयस्क प्राध्यापक. आणि मागच्या दोन बाकांवर आमची मंडळी. यागोदाच्या हातात फुलं, दिव्यांवाल्याच्या अंगात लग्नाचा कोट. चिका वेलिमिर मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून, स्वतःचीच परीक्षा असल्यासारखे.

रोसांदानं सुरुवात केली.

"जरा मोठ्यानं, बाई," ओग्न्येन म्हणाले.

ती थोडी मोठ्यानं बोलली. बुटांत पाणी पचपचत होतं. का कोण जाणे, पण तो गारवा तिला बरा वाटत होता. हळूहळू शब्दांना शब्द जोडले गेले. नट कसे थांबतात, प्रेक्षागृहात त्या वेळी काय होतं, विंगेतून काय दिसतं. झोपाळू प्राध्यापकांनी डोळे उघडले. वीस मिनिटं संपली.

"एकच प्रश्न विचारतो," ओग्न्येन म्हणाले. "तुम्ही दोन थांबे सांगितलेत, विसरल्याचा आणि विचारपूर्वक घेतलेला. समजा, तुम्हाला एकाच खुणेवर विसंबायचं आहे. कोणत्या?"

रोसांदा थांबली.

खिडकीबाहेर तेच जुनं झाड होतं. त्या झाडाकडं बघत तिनं इथं दहा-बारा परीक्षा दिल्या होत्या. या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं. फक्त ते दिलं की सगळं पुरं होणार होतं. तिला अजून एक क्षण ते बाकी ठेवायचं होतं.

मागच्या बाकावर मात्र आकांत उडाला. पस्तीस वर्षं जिनं प्रत्येकाला शब्द पुरवला ती अडली आहे! चिका वेलिमिर पुढं सरकले. त्यांनी ओठांच्या कडेला तळहात धरला आणि कुजबुजले. पण त्यांची कुजबुज रोसांदाची नव्हती. ती नटाची कुजबुज होती, सज्जातल्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारी.

"श्वाऽस!"

"श्वासावरून, तेता रोसा!" यागोदा.

"श्वास सोडतो तो!" दिव्यांवाला.

ओग्न्येननी पेन टेबलावर ठेवलं. "हे काय चाललंय? उत्तरं पुरवली जातायत?"

स्पोमेन्काचा चेहरा पांढराफटक पडला. "ओग्न्येन, ही मंडळी नाटकातली..."

"कुठलीही असोत. बाहेरची मदत मिळाली की परीक्षा तिथंच थांबते. माझा नाइलाज आहे."

चिका वेलिमिर उठून उभे राहिले. एक हात छातीवर. "महाशय! अपराध माझा आहे! शिक्षा मला करा! या बाईंनी आयुष्यभर..."

"गप्प बसा!"

खोली दणाणली. व्हरांड्यातून चाललेल्या एका मुलीनं दार उघडून आत डोकावलं. कोण ओरडलं ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, रोसांदा.

"गप्प बसा सगळे! खाली बसा, चिका वेलिमिर! मी विसरले नव्हते. मी थांबले होते!"

चिका वेलिमिर बाकावर असे बसले, की बाक करकरला.

रोसांदा समितीकडं वळली. आवाज खाली आला नाही. "सर, मला मदत मिळालेली नाही. यांनी पुरवलेलं उत्तर चुकीचं आहे."

"चुकीचं?" मागून चिका वेलिमिरचा दुखावलेला आवाज आला.

"श्वासाचं मी तरुणपणी लिहिलं होतं. या खेपेला खोडलं. श्वासावर भरवसा नाही, विचारपूर्वक थांबणारा माणूससुद्धा श्वास सोडतो. खूण एकच, नजर. विसरलेला माणूस कुणाकडंतरी बघतो. विंगेकडं, सोबतच्या नटाकडं, निदान छताकडं. तो मागत असतो. थांबलेला माणूस काही मागत नाही." ती जरा थांबली. "आत्ता मी कुणाकडं बघत होते, सर?"

ओग्न्येननी चष्मा काढला. "झाडाकडं," ते म्हणाले.

झोपाळू प्राध्यापक पहिल्यांदाच बोलले. "चुकीचं उत्तर पुरवलं तर त्याला मदत म्हणायचं, की अडथळा? मला वाटतं, अडथळा असूनही उमेदवार टिकल्या, अशी नोंद व्हावी."

ओग्न्येन हसू दाबायला पाण्याचा पेला उचलून तोंडाशी नेऊ लागले, पण त्यांना ते साधलं नाही.

मग तिघं उठून उभे राहिले. ओग्न्येननी नेहमीचं वाक्य म्हटलं, हजारदा म्हटलेलं. उमेदवारानं या पदवीसाठी ठरलेल्या सर्व अटी पूर्ण केल्या आहेत.

सर्व अटी. रोसांदानं ते ऐकलं. आता तिनं आभार मानायचे होते. ती उभी राहिली, पायाशी ओल्या बुटांचा छोटासा डाग. किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या बाकांवर कुणी हूं की चूं केलं नाही. चिका वेलिमिरनी तर अख्खा रुमाल तोंडात कोंबला होता.

"धन्यवाद," रोसांदा शेवटी म्हणाली. मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत.

*

परत आले तेव्हा नाट्यगृहाच्या पायऱ्या पार वाळून गेल्या होत्या. सप्टेंबरचं ऊन होतं. रोसांदानं त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांच्यावर पाय देऊन आत गेली. बेकरीतून तिनं सगळ्यांसाठी बुरेक मागवलं, ते इतक्या खणखणीत आवाजात, की काउंटरवरच्या मुलीनं दचकून एक तुकडा जास्त बांधला. स्पोमेन्कानं उझित्सेची राकिया, तिकडची फळांची दारू, आणली होती. दोघींनी एक पेला दारिंकासाठी जमिनीवर सांडला, आणि स्पोमेन्काच्या आग्रहावरून एक थेंब त्या परगावच्या संतासाठीही.

संध्याकाळी प्रयोग होता. रोसांदा कोरडे मोजे घालून खुर्चीत बसली. तिसऱ्या अंकात चिका वेलिमिर राजमुकुट हातात घेऊन पुढं आले, "माझ्या राज्यात..." म्हणाले आणि थांबले.

त्यांची नजर विंगेकडं आली. तिथून छताकडं गेली. पुन्हा विंगेकडं आली.

रोसांदा मांडीवरच्या संहितेवर हात ठेवून शांत बसून राहिली. प्रेक्षागृह श्वास रोखून होतं. चिका वेलिमिरच्या कपाळावर घाम चमकायला लागला, त्यांनी मुकुट छातीशी घट्ट धरला. मागच्या रांगांत कुणीतरी हुंदका दिला. मग रोसांदाचे ओठ हलले, आणि राजाला आपलं राज्य परत मिळालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. असा थांबा त्या नाटकात आजवर कुणी घेतला नव्हता.

पडदा पडल्यावर चिका वेलिमिर धापा टाकत विंगेत आले.

"बये! मी खरंच विसरलो होतो!"

"माहीत आहे," रोसांदा म्हणाली. "मी थांबले होते."